वरी खाल्ली, तर धरणं मोडलं का?

अर्धा सोपा सारवून झाला होता. पदर कमरेला खोचून, शेणकाल्याची बुट्टी ओढत शालूबाई मागं मागं सरकत होती, तोंडानं महादेवाचं नाव चाललं होतं. उंबऱ्याकडचा निम्मा सोपा ओला, रस्त्याकडचा निम्मा कोरडा. तेवढ्यात त्या कोरड्या निम्म्यात कुणीतरी घोंगडं टाकलं आणि वर मांडी घालून बसलं.

"आवं नाथाजीभाऊ, सरका की जरा. सारवायचं राहिलंय."

"सरकत न्हाई वैनीसाब. धरणं धरलंय मी."

शालूबाईचा हात बुट्टीतच राहिला.

धरणं म्हणजे जुनी रीत. ज्याचं येणं अडलंय त्यानं देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. तो बसला की घरातल्यांनीही अन्नाला शिवायचं नाही. दारात माणूस उपाशी आणि आत भाकऱ्या थापल्या जातात, असं झालं तर त्या घरचं पाणीसुद्धा कुणी घेत नाही. आणि बसणाऱ्यानं त्याच दारात घास खाल्ला, तर धरणं मोडलं, भांडण मिटलं असं धरतात. कोर्टकचेऱ्या आल्या तशी ही रीत मागं पडली. पण शालूबाई माहेरची विट्याकडची. तिच्या आज्यानं असंच एका पाटलाच्या दारात बसून आपला बैल सोडवून आणला होता, आणि ही गोष्ट ती भाजी निवडताना सांगायची, वाती वळताना सांगायची, कुणी न विचारता सांगायची. त्यामुळं धरणं हा शब्द ऐकल्याबरोबर तिला आधी आज्याचा अभिमान वाटला, आणि मग ध्यानात आलं की या खेपेला पाटलाच्या जागी आपण आहोत.

तिचा नवरा हंबीरराव म्हणजे इस्लामपुरातला सरकारमान्य मक्तेदार. शाळा, चावड्या, मोऱ्या अशी सातारच्या लोकल बोर्डाची कामं घ्यायची आणि त्यातलं दगडकाम नाथाजीला पोटमक्त्यानं द्यायचं, अशी त्याची पद्धत. दुसऱ्यांची घरं फरशीची बांधता बांधता स्वतःचा सोपा शेणाचाच राहिला होता, ते सोडा. गावाच्या कडेला बोर्डाचा नवा दवाखाना उभा राहिला, त्याचा दगड न दगड नाथाजीच्या माणसांनी घडवला. काम होऊन संक्रांतही गेली. बोर्डाचे पैसे हंबीररावाच्या हातात पडले आणि तिथंच राहिले. पाटणकडं एक पूल निघणार होता. त्याच्या टेंडरला अनामत भरायची म्हणून त्यानं सगळी रक्कम बांधून ठेवली आणि नाथाजीच्या तोंडाला पानं पुसली. पुढच्या बाजारी देतो, बाजार झाला की देतो, बाजारात गाठ पडली की तोंड चुकवतो. इकडं नाथाजीचे गवंडी कुरकुरायला लागले, की आम्ही आपलं कोल्हापूरला जातो, तिकडं आठवड्याला पगार तरी हुतो. टोळी फुटली की नाथाजी संपलाच. एकट्यानं काय करायचं, पाटे-वरवंटे टाकवत दारोदार फिरायचं?

हे सगळं शालूबाईला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला दोनदा सांगून बघितलं होतं. दोन्ही वेळा त्यानं भिंतीवरच्या चौकटीकडं बोट केलं होतं.

त्या चौकटीत त्याचं लायसेन होतं. काचेत बसवलेलं, शिक्क्याचं, देवांच्या तसबिरींच्या ओळीत पण वीतभर उंच टांगलेलं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असायचा. हंबीरराव सकाळी उदबत्ती लावायचा ती आधी लायसेनला ओवाळायचा आणि मग महादेवाला. शालूबाईनं त्यावर उपाय काढला होता. ती त्याच्या आधी उठून देवाला धूप घालायची आणि म्हणायची, "उरलेला धूर जाईल तिकडं जाईल."

शालूबाई म्हणजे उपासाची बाई. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, शनिवार मारुतीचा, आणि मध्येच कुणाचं दुखलंखुपलं तर त्याच्या नावचा एखादा. उरलेल्या दिवशी ती जेवायची. दुसरी मोठी लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं; शेजारपाजारी रेशनच्या मिलो ज्वारीच्या नावानं बोटं मोडत, तेव्हा शालूबाईच्या घरात वरीच्या तांदळाची गाडगी उतरंडीनं रचलेली असत. मुली सासरी, मुलगा पलटणीत, घरात नवरा-बायको दोघंच. नवरा खाण्याचा दर्दी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ते त्याला बघूनच म्हणत असावेत.

तो राखुंडीचं बोट तोंडात घालून बाहेर आला.

"कोण बसलंय?"

"नाथाजीभाऊ. धरणं धरलंय त्यांनी. आवं, देऊन टाका की त्यांचं."

हंबीररावानं चूळ भरली, नाथाजीकडं बघितलं, आणि पोट धरून हसायला लागला.

"नाथ्या, गड्या, तिथी तरी बगायचीस! आज शिवरात हाय. समदं गाव उपाशी बसलंय. त्यात तू एक बसून काय उजेड पाडनार?"

नाथाजीचं तोंड उघडंच राहिलं. गवंड्यांची सुट्टी अमावस्येला. आता अमावस्या आली, माणसं मोकळी असतील, आपल्याला बसायला सवड आहे, एवढा हिशेब त्यानं नीट केला होता. अमावस्येच्या आदल्या दिवशी काय असतं हे मात्र त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

"हरणी म्हनत हुती, आज नगा जाऊ," तो बायकोचं नाव घेऊन पुटपुटला. "मला वाटलं, भ्याली."

"मग उठ आता. उद्या ये. उद्या मी जेवायला बसलो की बस."

"उठत न्हाई. बसलो त्ये बसलो."

हंबीरराव हसत हसत अंघोळीला गेला. नाथाजी बसला. आणि त्याच्या उपासाकडं खरंच कुणी ढुंकून बघेना. देवळाकडं जाणारी माणसं हात जोडून पुढं जात. "शिवरातीचं ध्यान लावलंय, चांगलं हाय," म्हणत. नाथाजी ओरडून सांगायचा, "ध्यान न्हाई, धरणं हाय!" तर लोक म्हणत, "त्येच की." म्हातारी सुलाबाई तांब्या घेऊन निघाली होती. तिला दिसायचं कमी. अंगभर दगडाची पांढरी भुकटी, वर घोंगडं, निश्चल बसलेला माणूस बघून तिनं तांब्यातलं निम्मं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, बेलाचं पान ठेवलं आणि गुडघ्याचं दुखणं सांगायला बसली.

"आवं म्हातारे, मी नाथाजी गवंडी!"

"व्हय रं देवा. ह्यो उजवा लय ठणकतो बग."

शेवटी नाथाजीनं कंटाळून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा ती उठली.

दुपार कलली तशी आत वरी शिजली. शेंगदाण्याची आमटी उकळायला लागली, रताळी उकडून झाली. हंबीररावाचं ताट वाढून शालूबाई स्वतःचं पान घेऊन बसली, पण हात काही तोंडाकडं जाईना. दारात माणूस उपाशी. ती उठून देवापुढं गेली.

"देवा," ती म्हणाली, "धरणं धरलेल्याला अन्न द्यायचं न्हाई, ह्ये खरं. पर वरी म्हंजे काय अन्न हाय का? अन्न असती तर तुज्या दिवशी मी तिला शिवले असते का? न्हाई नव्हं? मग दिली तर काय बिगडलं?"

देव काही बोलला नाही. शालूबाईच्या लेखी देव बोलला नाही म्हणजे हो म्हणाला.

तिनं पितळी भरली आणि बाहेर नेली. आमटीचा वास आधीच पोचला होता. नाथाजी पितळीकडं बघायला लागला, मग तिच्याकडं, मग परत पितळीकडं.

"वैनीसाब, ह्ये अन्न तर न्हाई नव्हं?"

"न्हाई. उपासाचं हाय."

"मग धरन्याला चालंल?"

"देवाला चालतं, धरन्याला का न्हाई चालनार?"

नाथाजीनं रताळं मोडलं. मग आमटी ओतून वरी कालवली. मग "वैनीसाब, जरा आमटी" म्हणाला. दुसरी पितळी निम्मी झाली होती, तेवढ्यात हंबीरराव ढेकर देत बाहेर आला आणि एकदम असा ओरडला की रस्त्यावरची शेळी दावं तोडून पळाली.

"मोडलं! धरणं मोडलं! माज्या दारात जेवला! या रं, या, बगा समदी!"

"जेवलो न्हाई," नाथाजी घास गिळत म्हणाला. "उपास केला."

"दोन पितळ्या उपास?"

"तुमी किती केला?"

बघता बघता माणसं जमली. एक म्हणाला, दारात घास घेतला, धरणं संपलं, नाथाजीनं आता पैसे मागायचे नाहीत. दुसरा म्हणाला, वरीला घास म्हणत नाहीत. तिसरा म्हणाला, मग काय म्हणतात? त्या रात्री महादेवाच्या देवळात जागरणाला भजन सोडून हाच विषय रंगला, आणि पहाटेपर्यंत गावाचे सरळ दोन पक्ष पडले. नाथाजीला कळेना आपण जिंकलो की हरलो. जागा सोडायची नाही एवढंच त्याला कळलं, म्हणून तो घोंगडं पांघरून तिथंच आडवा झाला.

सकाळी पारणं. घरोघर तवे चढले, गल्लीभर ज्वारीच्या भाकरीचा वास सुटला. हंबीरराव पाटावर येऊन बसला. शालूबाईनं ताट ठेवलं. ताटात वरी होती.

"आगं, उपास काल हुता."

"उपास काल हुता. धरणं आज बी हाय."

"मोडलं की त्ये!"

"कुनी ठरवलं? वरी अन्न असंल तर मोडलं. अन्न नसंल तर मोडलं न्हाई. ज्येला कळतं अशा मानसानं सांगू दे. तवर माज्या चुलीवर अन्न शिजायचं न्हाई. वरी शिजंल."

हंबीररावानं थोडा विचार केला. "मग मीच सांगतो. वरी अन्न हाय."

"मला नगा सांगू. त्यांला सांगा." तिनं देव्हाऱ्याकडं हात केला. "म्हना, महादेवा, ह्या शालूनं लगीन झाल्यापास्नं तुला फसवलं, उपासाच्या दिवशी पोटभर अन्न खाल्लं. म्हना की."

हंबीरराव खरोखरच उठला. देव्हाऱ्यापुढं उभा राहिला, हात जोडले, तोंड उघडलं, आणि मिटलं. परत येऊन त्यानं मुकाट्यानं वरी कालवली.

शालूबाईच्या जिवाला त्या दिवसापासून खरा घोर लागला. नवऱ्यानं ओरडून जे सांगितलं, ते खरं निघालं तर? तर नाथाजीचे पैसे बुडणार, आणि तेही आपण वाढलेल्या पितळीमुळं. चांगलं करायला गेलो आणि माणसाची टोळी मोडली. वर इतक्या वर्षांचे सगळे उपास पाण्यात! ती निरांजन लावताना थांबायची आणि महादेवाच्या तसबिरीकडं संशयानं बघायची, की हा एवढे दिवस गप्प बसला तो खरंच हो म्हणून, की मनात हिशेब धरून?

मधल्या दिवसांत घरात सकाळी वरी, संध्याकाळी वरी. वरीचा भात, वरीची भाकरी, वरीचं धिरडं. हंबीरराव शेजारी गेला तर शेजारीण म्हणाली, "दारात मानूस बसवून आमच्यात जेवता व्हय दाजी?" सासुरवाडीच्या पाहुण्यांकडं गेला तर त्यांनी चहासुद्धा ठेवला नाही. एकदा त्यानं मोटार-स्टँडवर उभं राहून कांदाभजी खाल्ली, तर शालूबाईनं त्याला बाहेरच्या बाहेर अंघोळ घातली आणि मग घरात घेतलं.

नाथाजीचं मात्र बरं चाललं होतं. ऊन नाही, घण नाही, दोन वेळा वाढलेली पितळी. त्याच्या गालावर तेज आलं. बसून बसून करमेना तेव्हा तो घराच्या भिंती बघायला लागला.

"मालक, ही भिंत कुनी बांधली वं? पोट काढलंय हिनं."

"तिला कुनी काय खायला घातलं न्हाई, तरी काढलंय," हंबीरराव दात खात म्हणाला.

पण रात्री कुणी नसलं की नाथाजीचा चेहरा उतरायचा. बायको हरणाबाई निरोप धाडायची, की आज आणखी एक जण म्हणाला जातो म्हणून, मी कसाबसा थांबवलाय. तो निरोप ऐकून शालूबाई दारातून आत जायची आणि माळ ओढत बसायची.

अशात बोर्डाची कमिटी आली. दवाखाना बघायचा, मग मक्तेदाराकडं चहाफराळ, मग परत, असा त्यांचा बेत. अध्यक्ष लालासाहेब म्हणजे पहिल्या लढाईचे पेन्शनर सुभेदार. बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, मिशा अजून परेडवर. दुसरे बाळासो, ऊसवाले बागायतदार. यांच्या खिशात कायम शेंगा. तिसरा पुण्याकडचा तरणा ओव्हरसियर. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार वाटेत तीनदा बसली होती, त्यामुळं तिघांच्या तोंडाला काजळी आणि पोटात आग.

हंबीररावानं आदल्या रात्रीच बायकोला हात जोडले होते. "उद्या तेवढा शिरा कर. पुऱ्या कर. पाटणच्या पुलाचं काम ह्येंच्याच हातात हाय गं."

"ठरू द्या," एवढंच ती म्हणाली. त्याला वाटलं, करील ऐन वेळेला. बायको आहे ती.

कमिटी सोप्यावर चढली. नाथाजी उठून उभा राहायला गेला, पण मांडी बधिर झाली होती, म्हणून बसल्या बसल्याच रामराम केला. हंबीररावानं त्याच्यापुढं उभं राहून धोतराचा आडोसा केला. मंडळी बैठकीवर टेकली. आणि माजघरातून ताटं आली.

लालासाहेबांनी ताटात बघितलं. मग बाळासोच्या ताटात बघितलं.

"आज काय हाय?"

"काय न्हाई, मंगळवार," बाळासो म्हणाले.

"मग वरी?"

"ह्या घरात आठ दिस ह्येच हाय साहेब," आडोशामागून नाथाजीचा आवाज आला.

"त्यो कोन? आवं हंबीरराव, बाजूला व्हा. तुमच्या मागं कोन बसलंय?"

मग सगळं बाहेर आलं. नाथाजीनं सांगितलं, हंबीररावानं मध्ये मध्ये तोडलं, रस्त्यावर दोन्ही पक्षांची माणसं जमली. पैसे दिले नाहीत हे हंबीररावानं नाकारलं नाही. नाकारणार कसं, दवाखाना कमिटीनं आत्ताच बघितला होता आणि नाथाजी दारात बसला होता. त्याचं म्हणणं एकच, "साहेब, गावची रीत मोठी का कागूद मोठा? ह्येनं धरणं धरलं. दारात जेवला. धरणं मोडलं, मामला मिटला."

ओव्हरसियरनं चष्मा सारखा केला. "परवान्याच्या अटींत स्पष्ट आहे. पोटमक्तेदाराची रक्कम अडवली तर परवाना जप्त करता येतो. वरीचा इथं काही संबंधच नाही."

"संबंद कसा न्हाई?" लालासाहेब ताडकन म्हणाले. "मामला मिटला असंल तर तक्रार कशाची? आदी वरीचं ठरवा. बोला बाळासो, वरी अन्न हाय का?"

बाळासोंनी एक शेंग फोडली. "तसं बगितलं तर पोट भरतंय."

"पोट पान्यानं बी भरतंय."

"शिजवावी लागती."

"दूध बी तापवावं लागतं. म्हंजे दूध अन्न?"

"पण त्याला वरीचे तांदूळ म्हणतात," ओव्हरसियर हळूच म्हणाला, आणि लालासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा चष्मा सारखा केला.

"ऑर्डर द्यायची तर विटनेस पायजे," लालासाहेब म्हणाले. "वाडलं कुनी?"

माजघराच्या दारात पदर डोईवर ओढून शालूबाई उभीच होती.

"म्या वाडलं," ती आतूनच म्हणाली. "दोनदा. आमटी तीनदा. वाडताना मी सांगितलं, ह्ये अन्न न्हाई. आता तुमी मोठी मानसं आलाय, तर एकदाचं सांगून टाका. अन्न असंल तर नाथाजीभाऊंचं माज्या हातनं वाटोळं झालं. आनि मला सांगा, म्हंजे मी आजपास्नं उपास सोडते. परवाच्या शिवरातीला मी ह्येच खाल्लं. माज्या सासूनं जन्मभर ह्येच खाल्लं आनि उपाशी म्हून देवाघरी गेली. तिला आता काय म्हनत असतील तिकडं?"

आणि ती खरंच रडायला लागली.

बाळासोंनी हातातली शेंग खिशात ठेवली. परवाच्या शिवरात्रीला त्यांनी काय काय खाल्लं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. लालासाहेबांनी तर बसऱ्याच्या छावणीतसुद्धा शिवरात्र मोडली नव्हती, असं ते दर शिवरात्रीला सांगत. तिथं वरी मिळेना म्हणून खजुरावर काढली होती. रस्त्यावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुलाबाई मोठ्यानं म्हणाली, "अन्न असंल तर मी आजच विहीर जवळ करते!"

लालासाहेब उठून उभे राहिले.

"लिवून घ्या ओव्हरसियर. बोर्डाच्या मतं वरी अन्न न्हाई."

"साहेब, असा ठराव सातारला कसा—"

"लिवा! रताळं बी न्हाई. शेंगा बी न्हाईत."

"शेंगा नक्की लिवा," बाळासो म्हणाले.

"सबब नाथाजी जेवला न्हाई. धरणं चालू हाय. सबब मामला मिटल्याला न्हाई. आता तुमची ती अट वाचा."

ओव्हरसियरनं अट वाचली. ती पहिल्यासारखीच होती.

हंबीररावाला मात्र अजून एक सुचलं. "साहेब, वरी अन्न न्हाई म्हंजे मग मी बी आठ दिस उपाशीच हाय की! माजं बी धरणंच झालं!"

"कुनाच्या दारात?"

हंबीररावानं माजघराकडं बघितलं. दारात शालूबाई डोळे पुसत उभी होती. तो खाली बसला.

"लायसेन आना," लालासाहेब म्हणाले.

त्याला स्वतःच स्टुलावर चढून चौकट उतरवावी लागली. दसऱ्याचा वाळका हार तिला अजून होता. लालासाहेबांनी हार काढून त्याच्या हातात दिला आणि चौकट टॉवेलात गुंडाळली. नाथाजीची पै न् पै फिटली, तर दिवाळीला साताऱ्याला येऊन न्यायची. तोवर बोर्डाचं नवं काम नाही, पाटणच्या पुलाचं तर नावच काढायचं नाही. एवढी शिक्षा ऐकवून ते परत बैठकीवर बसले आणि ताट पुढं ओढलं.

"अन्न न्हाई तर खायाला हरकत न्हाई," ते म्हणाले. "आमटी जरा वाडा."

मोटार गेल्यावर हंबीरराव बराच वेळ भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत बसला. पूल गेला म्हटल्यावर अनामतीचं गाठोडं बांधून ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. त्यानं ते आतून आणलं आणि नाथाजीपुढं सोडलं. नाथाजीनं मोजताना तोंड वर केलं नाही, पण मोजून झाल्यावर त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्याला उठवायला दोघा गवंड्यांना हात द्यावा लागला. एक पाय जागा झाला, दुसरा होईना. तसाच लंगडत तो रस्त्याला लागला, कारण संध्याकाळच्या मोटारीनं कोल्हापूरला जायला टोळीतले आणखी दोघं निघाले होते आणि त्यांना गाठायचं होतं.

"नाथाजीभाऊ, चार घास खाऊन जावा," शालूबाई म्हणाली. "आता खरं अन्न करते."

"नगं वैनीसाब," तो चालता चालता म्हणाला. "तुमच्यात जेवायचं म्हटलं की आता भ्या वाटतं."

मग तिनं चूल पेटवली. पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, कांदा फोडला. हंबीरराव पहिला घास घेताना डोळे मिटून बसला होता. बाईनं देवापुढं बसावं तसा. चार भाकऱ्या झाल्यावर त्याला वाचा फुटली.

"तुज्यापायी लायसेन गेलं बग."

"दिवाळीला येतंय की. तवर महादेवाला जरा धूर मिळू दे."

"आनि त्यो कोट?" तो एकदम म्हणाला. "टेंडरच्या दिवशी घालायला म्हून कापड टाकलंय शिंप्याकडं. किती खटपट करून मिळवलं त्ये कापड!"

"कापलं का त्यानं?"

"उद्या कापतो म्हनला हुता."

शालूबाईनं पाचवी भाकरी त्याच्या ताटात टाकली, चूल विझवली, हात धुतले आणि डोईवर पदर घेतला. मग ती शिंप्याच्या दुकानाकडं निघाली, कोट बेतू नको, कापड परत दे, असं सांगायला.